भोचकपणाचा अभ्यासक्रम

इंजिनीअरिंगला गणित लागतं. मेडिकलला जीवशास्त्र लागतं आणि वडिलांचा खिसा. कॉमर्सला फारसं काही लागत नाही, असं सायन्सवाले म्हणतात आणि पुढे आयुष्यभर आपले इन्कम टॅक्सचे कागद कॉमर्सवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवतात. मानवशास्त्राला काय लागतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी मानवशास्त्र शिकवायचे असं सांगितलं की निम्म्या लोकांना ‘मानसशास्त्र’ ऐकू येतं आणि ते जरा सावरून बसतात. उरलेले डायनोसॉरची चौकशी करतात. विषयाचं नाव बरोबर ऐकणारे फक्त यूपीएससीवाले. ऑप्शनल म्हणून हा विषय त्यांच्यात लोकप्रिय आहे, कारण अभ्यासक्रम आटोपशीर आहे म्हणे. त्यांना विषयात काय आहे यापेक्षा पेपर दोनच्या नोट्स कुणाकडे आहेत यात जास्त रस असतो.

तरी पण दरवर्षी जून उजाडला की एखादं घर असं निघतंच, जिथल्या मुलीनं किंवा मुलानं कुठूनतरी हा विषय ऐकलेला असतो आणि आईवडील गोंधळून विचारायला येतात. त्यांना मी काय सांगते ते सरळ लिहायचं तर असं आहे : या विषयाला लागणारे बहुतेक गुण आपल्याकडे लहानपणीच धपाटे घालून काढून टाकलेले असतात. मोठी माणसं बोलत असताना कान तिकडे लावणं. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर स्वयंपाकघरापर्यंत जाणं. ‘तुमच्याकडे असं का करतात?’ हा प्रश्न भरल्या पंगतीत विचारणं. आणि काहीही न करता तासन्‌तास माणसं बघत बसणं. ज्यांच्या घरी हे धपाटे कमी पडले, ती मुलं आमच्या कामाची.

माझी एक आत्या होती. ती सातवीच्या पुढे शिकली नाही, पण मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम तिला तोंडपाठ होता. लग्नात ती कधी पुढच्या रांगेत बसायची नाही. जेवणघराकडे जायच्या वाटेवर खुर्ची टाकून बसायची, कारण तिथून प्रत्येकाला जावंच लागतं. मग एखादी मुलगी सापडली की, ‘ये गं इकडे. तू कोणाची? थांब, सांगू नकोस. तुझी आजी म्हणजे वाईच्या वकिलांची धाकटी भावजय ना? मग तुझी आई माझ्या नणंदेच्या दिराची मेव्हणी लागते. म्हणजे तू मला मावशी म्हणायचं.’ दहा मिनिटांत तीन पिढ्या, दोन गावं आणि एक मोडलेली सोयरीक एवढं सगळं बाहेर यायचं.

हेच काम डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे एक डॉक्टर 1898 साली ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर करत होते. केंब्रिजच्या मोहिमेबरोबर ते गेले होते लोकांची नजर, कान, स्पर्श यांच्या चाचण्या घ्यायला. पण कोण कुणाचा कोण हे विचारता विचारता त्यांच्या लक्षात आलं की नाती नीट मांडली की त्या समाजाचा सारा कारभार त्यातून वाचता येतो. वंशावळ लिहून घेण्याची त्यांनी पद्धतच बसवून दिली. पुढे त्या पद्धतीत पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह असं ठरून गेलं. आत्याकडे त्रिकोण नव्हते, एवढाच फरक.

नात्यांची आवड ही पहिली अट. नुसतं पाठांतर नव्हे, त्यातली गंमत कळली पाहिजे. आपल्याकडे कित्येक जातींत मामाची मुलगी करायला हरकत नसते, उलट कौतुक असतं. पण आत्याच्या मुलीचं नाव काढलं की तीच माणसं नाक मुरडतात. दोघी बहिणीच, दोघींशी नातं सारखंच जवळचं, मग हा भेद का? इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थांवर ग्रंथ लिहिला. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत तेच पसंत, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधे पाय ठेवून उभा, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. मराठी माणूस कुठल्याही वादात ‘तसं दोघांचंही बरोबर आहे’ म्हणतो, त्याचं मूळ बहुधा इथे असावं. हे मात्र माझं मत, बाईंच्या ग्रंथात नाही.

आत्याचा आणखी एक गुण विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगायचे. ती कुणा एकाच्या सांगण्यावर कधी विश्वास ठेवायची नाही. नेपोलियन शॅग्नन नावाचा अमेरिकन अभ्यासक 1964 साली व्हेनेझुएलाच्या जंगलात यानोमामो लोकांत जाऊन राहिला. त्यांच्यात मेलेल्या माणसाचं नाव उच्चारणं हा अपमान, जिवंत मोठ्या माणसाचं घेणंही बरं नव्हे. हा मात्र वही घेऊन सगळ्यांची नावं विचारत सुटला. लोकांनीही सांगितली. अगदी हसत हसत सांगितली. कित्येक महिने त्यानं मन लावून वंशावळी काढल्या. मग एकदा दुसऱ्या गावात जाऊन त्यानं ऐटीत पहिल्या गावच्या मुखियाच्या बायकोचं नाव घेतलं, आणि सगळं गाव हसून लोळायला लागलं. आख्ख्या वहीत सांगण्यासारखं एकही नाव नव्हतं. पहिल्या गावानं मिळून नावं म्हणून शिव्या आणि चावट शब्द सांगितले होते. आत्या असती तर दुसऱ्याच दिवशी तीन शेजारणींकडून पडताळा घेऊन आली असती.

पण आत्याला पदवी मिळाली नसती, आणि त्याचं कारणही सांगायला हवं. ती माहिती आणि निकाल एकाच दमात द्यायची. ‘त्यांच्याकडे सून सासऱ्यासमोर जेवायला बसते,’ हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिचा चेहरा निकाल देऊन मोकळा झालेला असायचा. या विषयात प्रश्न हवा तेवढा भोचक चालतो, निकाल मात्र लांबणीवर टाकावा लागतो. कधीकधी काही वर्षं. हे ज्याला जमत नाही त्यानं वकिली करावी, तिकडे मानही आहे.

इव्हान्स-प्रिचर्ड यांचं 1937 सालचं अझांदे लोकांवरचं पुस्तक यासाठीच पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात देतात. आफ्रिकेतल्या या लोकांत धान्याच्या कोठारांना खांब असतात, खांबांना वाळवी लागते, आणि कधीतरी कोठार सावलीत बसलेल्या माणसांवर कोसळतं. अझांदे म्हणतात, चेटूक झालं. साहेब म्हणाले, अहो, वाळवी. ते म्हणाले, वाळवी आम्हालाही ठाऊक आहे. पण नेमका हाच माणूस, नेमका त्याच वेळी खाली का बसला होता, ते सांगा. याला साहेबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मेकॅनिकल इंजिनीअरनं नव्या गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली तेव्हा मी त्याला काही बोलले नाही. ब्रेक कसा लागतो हे त्याला माझ्याहून पुष्कळ कळतं. लिंबू वेगळ्या प्रश्नासाठी आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तिथे थांबून बोललंच पाहिजे, त्यांचं ते कामच आहे आणि मोलाचं आहे. विद्यार्थ्यानं आधी लिंबू कुणी आणलं, कोणत्या वारी आणि बदललेलं जुनं कुठे टाकलं, हे टिपून घ्यावं.

आता पोटाचं बघू. प्रवेशाच्या माहितीपत्रकात हे कधीच छापत नाहीत, पण पचनशक्ती ही या विषयाची खरी प्रवेश परीक्षा आहे. फील्डवर गेलं की समोर येईल ते खायचं आणि ‘थोडंच द्या’ म्हणायचं नाही. मेळघाटात, जव्हारला, भामरागडला, जिथे जाल तिथे पहिला येतो चहा. बहुतेकदा कोरा, साखर अशी की चमचा उभा राहावा. एका पाड्यात दहा घरं असतील तर दहा चहा. नवव्या घरी नको म्हणालात तर नववं घर तुमच्याशी बोलत नाही आणि दहाव्या घराला ते आधीच कळलेलं असतं. ‘मी बाहेरचं खात नाही’ म्हणणारी मुलं हुशार असतात, स्वच्छ असतात, त्यांनी संख्याशास्त्र घ्यावं.

चहा झाला की विद्यार्थिनी प्रश्नावली काढते. कुटुंबात माणसं किती, शेत किती, वार्षिक उत्पन्न किती. समोरचा माणूस शांतपणे विचारतो, ‘घरकुल मिळणार आहे का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग रेशनचं आहे का?’ तेही नाही. ‘मग तुम्हाला पगार किती?’ विद्यार्थिनीला पगार नसतो. ‘लग्न?’ तेही नसतं. एवढी मोठी बाई, ना नोकरी ना नवरा, दुसऱ्याच्या शेळ्या-कोंबड्या मोजत हिंडते, याचं त्या माणसाला मनापासून वाईट वाटतं आणि तो आणखी एक चहा सांगतो. कुणी कुणाचा अभ्यास केला हे अशा वेळी सांगणं कठीण असतं. आपल्यावर हसणाऱ्या माणसांत बसून आपणही हसता येणं हे कौशल्य आहे, आणि मला वाटतं तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. इव्हान्स-प्रिचर्डसारख्या कसलेल्या माणसालाही नुअर लोकांनी दमवलं होतं. तुझं नाव काय विचारलं की, तुला कशाला हवं; तुझं कुळ कोणतं विचारलं की, तू ते तुझ्या देशात घेऊन जाणार का; आणि मधेच, तंबाखू दे. हा सगळा संवाद त्यांनी 1940 च्या पुस्तकात न लपवता छापला. संशोधकानं आपली फजिती प्रस्तावनेत छापावी अशी पद्धत असलेला दुसरा विषय मला माहीत नाही.

रिचर्ड ली यांची गोष्ट तर पुण्यातल्या मुलांना फारच आवडायची. ते कलहारीच्या वाळवंटात कुंग लोकांत राहत होते. नाताळला सगळ्यांना जेवण घालावं म्हणून त्यांनी आसपासचा सगळ्यांत धष्टपुष्ट बैल विकत घेतला. पाहणारा प्रत्येक जण येऊन म्हणायला लागला, हा काय हाडांचा सापळा आणलास, यात कुणाचं पोट भरणार, शिंगं चावायची का? बिचारे रडकुंडीला आले. प्रत्यक्षात बैल कापला तर चरबीचे थर निघाले आणि दोन दिवस गाव मनसोक्त जेवलं. मग त्यांना उलगडा झाला : मोठी शिकार आणणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून मांसाला नावं ठेवायची ही तिथली रीतच आहे. जगभरच्या वर्गांत ही गोष्ट समजावून सांगावी लागत असेल. सदाशिव पेठेत श्रीखंड चाखून ‘बरंय’ म्हणणाऱ्या घरातली मुलं समोर बसलेली असली की पुढच्या मुद्द्यावर लगेच जाता येतं.

आणि हो, पळता आलं पाहिजे. क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांच्या पत्नी 1958 साली बालीच्या एका गावात गेल्यावर गावकऱ्यांनी त्यांच्याकडे बघायचंच बंद केलं होतं, जणू ते तिथे नाहीतच. मग एकदा बेकायदा कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली. परदेशी पाहुणे म्हणून कागद दाखवून उभं राहायचं सोडून हे दोघं गावकऱ्यांबरोबर जीव घेऊन पळाले. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव त्यांच्याशी बोलायला लागलं.

पण रोज धाड पडत नाही. बरेच दिवस काहीच होत नाही. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवर तंबू ठोकून राहिले आणि ‘लोकांत राहून, त्यांची भाषा शिकून अभ्यास करायचा’ हा धडा त्यांनी साऱ्या जगाला घालून दिला. त्यांच्या मृत्यूनंतर 1967 साली त्यांची खासगी डायरी छापली गेली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. गुरुजी तंबूत बसून कादंबऱ्या वाचत होते, तब्येतीची कुरकुर करत होते आणि त्या लोकांवर मनातल्या मनात भयंकर चिडत होते. शिस्तीच्या लोकांना धक्का बसला. मला ती डायरी वाचून बरं वाटलं होतं. कंटाळा येणारच, कंटाळा आला तरी तंबू न हलवणं एवढंच हातात असतं.

त्याच बेटांवर मॅलिनोव्स्कींनी ‘कुला’ नावाचा व्यवहार पाहिला, आणि मराठी बाईला तो समजायला पुस्तकाची गरज पडू नये असं मला नेहमी वाटत आलं. लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं बेटाबेटांवरून फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट्या दिशेनं. त्यासाठी माणसं होड्यांतून समुद्र ओलांडतात, जीव धोक्यात घालतात. माळ हातात आली की ती घालून मिरवायची असं नाही. कडी तर कित्येकदा घालण्याजोग्या मापाचीसुद्धा नसतात. थोडे दिवस ठेवायची आणि पुढच्या बेटावरच्या आपल्या माणसाला द्यायची. अडवून ठेवणाऱ्याची बदनामी होते. हा प्रकार वाचून युरोपातले विद्वान चक्रावून गेले. न वापरायची वस्तू देतात कशाला आणि घेतात कशाला?

आता आपल्या घरातलं गोदरेजचं कपाट उघडा. खालच्या खणात ब्लाउजपीस असतात. हे कुणी शिवत नाही. शिवायचे म्हणून कुणी दिलेलेच नसतात. डोहाळजेवण, मुंज, वास्तुशांत, हळदीकुंकू, जिथून जसे आले तसे ते पुढच्या ओटीत जातात. कुठला कुणी दिला हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी घरातल्या बाईवर असते, कारण ज्या घरातून आला त्याच घरात तो परत गेला तर चार पिढ्या बोललं जाईल. माझ्या ओळखीच्या एक बाई प्रत्येकावर पेन्सिलनं बारीक अक्षरांत देणारीचं आडनाव लिहून ठेवत. पाच-सहा वर्षं फिरून आलेला, घड्यांवर विटलेला ब्लाउजपीस मी ओळखला आहे. फरक एवढाच की ट्रोब्रिअँडची माळ जितकी फिरेल तितकी तिची कीर्ती वाढते, तिला नाव असतं, ती कुणाकुणाकडे होती हे लोक अभिमानानं सांगतात. आपण ते लपवतो. का लपवतो, यावर कुणीतरी चांगला प्रबंध लिहायला हरकत नाही.

मार्सेल मॉस यांनी 1925 साली दानावर जो निबंध लिहिला त्याचा गाभाही हाच आहे की द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. यातलं कुठलंही एक टाळलं की संबंध तुटतो. आपल्याकडे लग्नात याची वही असते. कुणी एकशे एक दिले, कुणी पातेलं दिलं, सगळं लिहिलेलं. आणि पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं की ती वही माळ्यावरून खाली येते. ‘कृपया आहेर आणू नये’ असं पत्रिकेवर छापणारी माणसं स्वतःला आधुनिक समजतात. मानवशास्त्राचा विद्यार्थी ते वाचून विचारात पडतो : यांना आता कुणाचं देणं लागायचं नाही, की कुणाला परत करायचं नाही?

इतकं ऐकून ज्यांना वाटेल की हा गप्पांचा विषय आहे, त्यांना दुसऱ्या सत्रात हाडं भेटतात. माणसाच्या शरीरात दोनशे सहा, आणि मनगटातली आठ बारकी हाडं ओळखताना भले भले घाम पुसतात. मग रक्तगट, जनुकं, आणि कॅलिपर घेऊन शेजारच्याचं डोकं मोजणं. इथे गणित येतं. गणिताला भिऊन कलाशाखेत आलेली मुलं या टप्प्यावर माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची ती मला अजून आठवते. त्यांना मी महालनोबिसांची हकीकत सांगायचे. 1920 साली नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे नेल्सन अ‍ॅनंडेल हे प्राणिशास्त्रज्ञ त्यांना भेटले आणि कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मोजमापांचा ढीग त्यांच्यापुढे टाकला. महालनोबिस भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्या डोक्या-नाकांच्या आकड्यांत ते असे गुंतले की त्यातून पुढे दोन समूहांमधलं अंतर मोजायची त्यांची रीत तयार झाली. आज ती जगभरचे संगणकवाले वापरतात, आणि तिची सुरुवात डोकी मोजण्यातून झाली हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊकही नसतं.

मोजमापाबरोबर आणखी एक गोष्ट लागते, आणि इथे मला थट्टा करवत नाही. हर्बर्ट रिझली या साहेबांनी नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरते असं सांगितलं होतं, आणि 1901 च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. त्यानंतर पाव शतकानं इरावतीबाई बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी जास्त विषम असते आणि त्यातच त्याच्या तर्कबुद्धीचं रहस्य आहे, अशी त्यांची कल्पना. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. विषमता सगळ्यांतच सापडली, वंशाशी तिचा काही संबंध सापडला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. परदेशात, परक्या भाषेत, विशी ओलांडलेल्या मुलीनं, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच माणसाला. 1930 साली त्या पदवी घेऊन परत आल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्य घालवलं. फिशर नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा मुलामा द्यायला गेले. मार्गदर्शकाचं म्हणणं आपल्या आकड्यांत बसत नसेल तर तसं लिहिण्याची ताकद ज्याच्यात आहे त्यानं या विषयात यावं. बाकीच्यांनाही पदवी मिळते, किंबहुना लवकर मिळते.

कुणाबद्दल काय लिहायचं नाही, हेही कळावं लागतं. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांच्या चालीरीती, भाषा, खुणा यांची पुस्तकं पोलीस अधिकाऱ्यांनी लिहिली, आणि ती वरकरणी आमच्याच पुस्तकांसारखी दिसतात. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्या माणसांची सेटलमेंट होती. कायदा 1952 साली गेला, शिक्का अजून गेलेला नाही. त्यामुळे मोहाची दारू कुठल्या घरी गाळतात हे विद्यार्थ्याला ठाऊक असावं, त्याच्या वहीत मात्र ते घर सापडता कामा नये. या विषयात यायच्या आधी काय वाचावं असं कुणी विचारलं तर मी लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ सांगते, आणि त्रिंबक नारायण आत्र्यांचं 1915 सालचं ‘गावगाडा’. आत्रे महसूल खात्यातले, त्यांनी गाव बाहेरून पाहिलं आणि फार बारकाईनं पाहिलं. माने ज्या वाटेवरून चालत आले तिथून गाव वेगळंच दिसतं. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचून ज्याची झोप उडते, तो आमच्या विषयाला योग्य.

स्मरणशक्तीचं राहिलंच. एम. एन. श्रीनिवास हे मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचे विद्यार्थी. 1948 साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. बावीस वर्षांनी, अमेरिकेत स्टॅनफर्डला बसून ते पुस्तक लिहायला घेणार, तोच तिथल्या इमारतीला कुणीतरी आग लावली आणि टिपणांवरून वर्षानुवर्षं तयार केलेले त्यांचे सगळे कागद जळाले. मग त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं. 1976 साली ते प्रसिद्ध झालं आणि त्यांच्या सगळ्या पुस्तकांत तेच लोकांना जास्त आवडलं. म्हणून कागद जाळावेत असं नाही. विद्यार्थ्यांनी तसा सोयीस्कर अर्थ काढून पाहिलेला आहे.

परवा समोरच्या विंगेतल्या वहिनी लेकीला घेऊन आल्या. बारावी सायन्स, गुण चांगले, आणि मुलगी म्हणते पुण्याला जाऊन मानवशास्त्रच करीन. वहिनींचे प्रश्न नेहमीचे होते. ‘काकू, याला स्कोप काय?’ मी सांगितलं, मानवशास्त्रीय सर्वेक्षण आहे, आदिवासी संशोधन संस्था आहे, संग्रहालयं आहेत, संस्था-संघटना आहेत. मोठ्या संगणक कंपन्यासुद्धा लोक आपली यंत्रं घरात कशी वापरतात हे बघायला यातली माणसं ठेवतात. आणि यूपीएससी आहेच. यूपीएससी म्हटल्यावर वहिनींच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

मुलगी गप्प होती. माझ्या दिवाणखान्यावरून तिची नजर फिरत होती. शोकेस, देव्हारा, कॅलेंडर, त्यावर दूधवाल्यासाठी मारलेल्या फुल्या.

‘तुला काय वाटतं गं?’ मी विचारलं. ‘या विषयात तुला काय आवडतं?’

तिनं जरा विचार केला. ‘काकू, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरू कधी खुर्चीवर बसत नाहीत. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी मागे भिंतीला टेकून उभे राहतात. त्यांना कुणी तसं सांगितलंय का?’

‘बघा!’ वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या. ‘मीटिंग होती पाण्याच्या टाकीची. हिला हे दिसलं. आणि परवा तर सेक्रेटरींनाच विचारायला निघाली होती.’

‘विचारलंस का?’

‘आईनं ओढून आणलं.’

वहिनींना म्हटलं, फॉर्मची शेवटची तारीख बघून घ्या, आणि सेक्रेटरींकडे तिला एकटीला पाठवा.